नातेवाइकांना जंत

आपल्याला कोणाचाही हेवा वाटत नाही, असं तारमास्तर स्वतःच चारचौघांत सांगायचा. कोणी न विचारता हे सांगणाऱ्या माणसाचं काय समजायचं, ते ज्याचं त्याने समजावं.

तो ब्रेल छापखान्यात कामाला होता. अंध मुलांची शाळेची पुस्तकं तिथे जाड कागदावर उठावदार ठिपक्यांत छापली जातात. बावीस वर्षांपूर्वी तो वायरमन म्हणून चिकटला. पंखा अडला, दिवा गेला, की मास्तर. पुढे संगणक आले आणि त्यांना एकमेकांशी जोडायच्या तारा ओढायला त्याच्याशिवाय होतं कोण? त्याने त्या ओढल्या, आणि मग तारांच्या टोकाला बसलेल्या यंत्रांतही डोकं घातलं. दोन संगणक त्याने कायमचे झोपवले, तिसरा जिवंत केला. तेव्हापासून "मास्तरला बोलवा" ही हाक दिवसातून दहा वेळा उठायची. प्रत्येक वेळी तो चेहऱ्यावर 'काय कटकट आहे' असा भाव आणायचा आणि आतल्या आत फुलायचा.

संगणकांना नावं त्यानेच ठेवली होती. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला काहीतरी नाव द्यावं लागतं. बाकीचे लोक आकडे देतात, याने नाती दिली. सगळ्यांच्या फाइली पोटात घेऊन बसलेला मोठा संगणक म्हणजे थोरली जाऊ, कारण किल्ल्या तिच्याकडे. टायपिंगचे दोन, मधली जाऊ आणि धाकटी. मॅनेजरबाईंच्या खोलीतला म्हणजे नणंद, सगळ्यांच्या चहाड्या तिथे पोचायच्या. जरा काही झालं की रुसून बंद पडणारा तो विहीण. पाहुण्यांसाठी ठेवलेला, काम शून्य आणि खुर्ची सगळ्यांत मऊ, तो जावई. असे एकूण तेरा नातेवाईक. तेरा जणांच्या तारा जिन्याखालच्या लोखंडी पेटीत येऊन मिळायच्या. त्या पेटीचं नाव माजघर. माजघराला कुलूप आणि किल्ली मास्तरच्या कमरेला.

वरच्या मजल्यावर एक आत्याही होती, पण ती या तेरांत नव्हती. आत्या म्हणजे जुनापुराणा संगणक आणि त्याला जोडलेलं ठिपके उठवणारं अवजड यंत्र. भूमितीचे त्रिकोण न् वर्तुळं कागदावर उठवायला तेवढं एकच यंत्र चालायचं, आणि ते फक्त आत्याचं ऐकायचं. आत्याची प्रणाली इतकी जुनी होती की बनवणाऱ्यांनीही तिची डागडुजी करणं कधीच सोडून दिलं होतं. म्हणून मॅनेजरबाईंचा लेखी हुकूम होता, आत्याला जाळ्यात घ्यायचं नाही. जे छापायचं ते पेन ड्राइव्हवर घालून जिना चढून न्यायचं.

आता ताईंबद्दल. तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या या ताई जन्मापासून अंध. छापलेलं पान बोटाखालून सरकवायच्या आणि चुकलेला ठिपका असा पकडायच्या, की टायपिंगच्या मुली त्यांच्या टेबलावर पान ठेवताना देवाचं नाव घ्यायच्या. ताईंना आपण अहो-जाहो करतोय आणि मास्तरला अरे-तुरे, यावरूनही त्याचं पोट दुखलं असतं.

पाच वर्षांपूर्वी पडदा वाचून दाखवणारा, बोलणारा प्रोग्राम ताईंच्या संगणकात घालायचा होता. तो मास्तरनेच घातला. त्यानेच त्यांना बोटाला धरून शिकवलं: ही फाइल, हे जाळं, हा पासवर्ड. तेव्हा त्याला फार बरं वाटायचं. ताई शिकत होत्या तोवर वाटायचं. मग एके दिवशी विहीण रुसली आणि हिशेबनीस म्हणाले, "ताईंना विचारा जरा." त्या दिवशी मास्तरने जेवणाचा डबा अर्धा परत नेला.

त्याने मोजायला सुरुवात केली. सोमवारी त्याला सात हाका, ताईंना दोन. पुढच्या महिन्यात त्याला पाच, ताईंना पाच. मग त्याला तीन. त्यातली एक ट्यूबलाइटसाठी. आणि हे दुखणं सांगणार कोणाला? धडधाकट डोळ्यांचा माणूस एका अंध बाईवर जळतो, हे तोंडातून काढायची सोय नव्हती. जळणाऱ्यालाही थोडी सहानुभूती लागते. ती याच्या नशिबात नव्हती. एकदा धीर करून बायकोजवळ आडून विषय काढला.

"त्या ताई हल्ली फार पुढेपुढे करतात."

"करणारच," बायको भाजी निवडत म्हणाली. "हुशार आहेत हो. तुम्हीच म्हणाला होता ना, सांगितलेलं एकदा ऐकलं की पक्कं?"

"म्हणालो होतो."

"मग? आपला शिष्य पुढे गेला तर आनंद व्हावा माणसाला."

मास्तरने आनंद झाल्यासारखं तोंड केलं आणि उठून गेला.

त्यात नवीन पदाची बातमी आली. विश्वस्तांनी संगणक विभाग वेगळा करायचं ठरवलं होतं. विभागाला एक प्रमुख, प्रमुखाला टेबल, टेबलावर नावाची पाटी. मॅनेजरबाईंनी एक नाव कळवायचं होतं. मास्तरच्या नोकरीची तीनच वर्षं उरली होती आणि आयुष्यात त्याचं नाव कुठल्या पाटीवर आलं नव्हतं. ती पाटी त्याला हवी होती. त्याहून जास्त, ती ताईंना मिळायला नको होती.

आणि नेमके त्याच आठवड्यात नातेवाइकांना जंत झाले.

हे नाव पुढे शिपायाने पाडलं. सकाळी पाहावं तर सगळे संगणक गोगलगाईसारखे. फाइल उघडायला पाच मिनिटं. प्रत्येकाच्या सामाईक कप्प्यात एकाच नावाची एक फाइल, कोणी न ठेवलेली. पुसली तर पुन्हा हजर. भूमितीचं पुस्तक अर्धं छापून झालेलं, सात शाळांतली मुलं वाट बघत होती, आणि परीक्षेला उरले होते एकवीस दिवस.

"व्हायरस आहे," मास्तरने निदान केलं. "तासाभराचं काम." त्याने थोरलीला साफ केलं, मग मधलीला, मग धाकटीला. चौथ्यापर्यंत पोचला तर थोरली पुन्हा आजारी. इकडून पुसत जावं आणि मागून लोकांनी चिखलाचे पाय घेऊन यावं, तसं चाललं होतं. दुपारपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला.

ताई आपल्या टेबलावरून म्हणाल्या, "मास्तर, हा व्हायरस नसावा. वर्म असेल."

"म्हणजे?" मॅनेजरबाईंनी विचारलं. मास्तरला नाही, ताईंना.

"व्हायरसला कोणीतरी दार उघडून द्यावं लागतं. एखादी फाइल कोणी उघडली की मग तो आत येतो. वर्म, म्हणजे किडा, कोणाची वाट बघत नाही. एका यंत्रात शिरला की तिथूनच जाळ्यातल्या बाकीच्यांची दारं ठोठावतो. ज्याच्या प्रणालीत भोक राहिलंय, ज्याचा पासवर्ड सोपा आहे, त्याच्यात आपोआप शिरतो. आपल्याकडे तर तेराही यंत्रांना पासवर्ड एकच आहे."

तो पासवर्ड मास्तरच्या मुलीचं नाव होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मग करायचं काय?"

"आधी सगळ्यांना एकमेकांपासून तोडायचं. एकदम. मग एकेकाला एकटं असताना साफ करायचं, त्याचं भोक बुजवायचं, म्हणजे प्रणालीची सुधारणा घालायची, पासवर्ड बदलायचा. शेवटचं यंत्र साफ होईपर्यंत पहिल्याला जोडायचं नाही. एक जरी राहिलं तरी सगळं मुसळ केरात."

मास्तरला कळत होतं की बाई बरोबर बोलतेय. बरोबर बोलण्याचाच तर राग होता. हे त्यालाही सुचलं असतं, संध्याकाळपर्यंत नक्की सुचलं असतं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"मास्तर," मॅनेजरबाई म्हणाल्या, "ताई सांगतील तसं करा."

चार शब्द. बावीस वर्षांत इतकं कोणी त्याला हाणलं नव्हतं.

ताई म्हणाल्या, तारा माजघरातूनच काढू, एका जागी काम होईल. मास्तरने कुलूप उघडलं खरं, पण ताईंचा हात आत जाऊन तारांवरून फिरायला लागला तसं त्याच्या अंगावर काटा आला. आपल्या कपाटात परक्याने हात घालावा तसं. "अहो, हात लावू नका! तारा उलटसुलट झाल्या तर मला निस्तरावं लागेल. काढायच्या तर पलीकडच्या टोकाने काढू, प्रत्येक संगणकाच्या मागून."

ताईंनी हात मागे घेतला. "एकूण किती तारा आहेत, मास्तर?"

"तेरा. तेरा संगणक, तेरा तारा. लिहून घ्या हवं तर."

ताईंनी अंगठ्याने बोटांची टोकं एकदा चाचपली. मग त्यांनी आपली ब्रेल लिहायची पाटी आणि टोचणी काढली. मास्तर एकेक नाव सांगत गेला, थोरली जाऊ, मधली, धाकटी, नणंद, आणि त्या टकटक करत कागदावर टोचत गेल्या.

दोन दिवस सगळी इमारत खपली. मास्तर ताईंच्या सांगण्यावरून वागला आणि प्रत्येक यंत्रापाशी थोडाथोडा जळला. तिसऱ्या दिवशी सकाळी तेरा तारा जोडल्या. टायपिंगच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, हिशेबनिसांनी ताईंना चहा आणून दिला. स्वतः उठून! मास्तरसाठी ते कधी खुर्चीतून हलले नव्हते.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती फाइल परत आली होती.

खोटं कशाला बोला, मास्तरला आनंद झाला. भूमितीचं पुस्तक अडलं होतं, मुलं वाट बघत होती, सगळं खरं, पण आत कुठेतरी जिलबी तळावी तसा चुरचुरीत आनंद झाला. तो लपवायला त्याने कपाळावर हात मारून घेतला. हिशेबनीस पुटपुटले, "दोन दिवस वाया." ताईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, पुन्हा करू, कुठेतरी एक राहिलं असणार. पुन्हा केलं. आणखी दोन दिवस. पुन्हा जोडलं, आणि तीन तासांत पुन्हा तेच.

या वेळी कोणी पुटपुटलं नाही, मोठ्यानेच बोलले. ताई मान खाली घालून ऐकत होत्या. मास्तर "जाऊ दे हो, होतं असं" म्हणाला, अगदी मोठ्या मनाने, आणि तोंडावरचं हसू पुसायला जिना चढून वर गेला.

वर आत्या बसली होती, आणि आत्याच्या मागचा बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता.

तारेचा दिवा.

मास्तर तिथेच स्टुलावर बसला. सहा वर्षांपूर्वीची दुपार त्याला आठवली. गुडघे नुकते धरले होते. पेन ड्राइव्ह घेऊन दिवसातून वीसदा जिना कोण चढणार? सगळे जेवायला गेल्यावर त्याने छताच्या फळ्यांवरून एक तार सोडली होती, आत्यापासून थेट माजघरापर्यंत. कोणाला सांगायचं नव्हतं, म्हणून कुठे लिहिली नव्हती. न लिहिलेली गोष्ट सवयीची झाली आणि डोक्यातूनही गेली. खाली बसून बटण दाबलं की वर छापलं जायचं. मास्तर तारांच्या नकाशात जे काढत नसे, ते त्याच्या लेखी नव्हतंच.

म्हणजे खाली सगळे धुऊनपुसून बसले होते, आणि आत्या वरून एकेकाची दारं ठोठावत होती. नवी सुधारणा थोरलीवर आणि विहिणीवर तिथल्या जुन्या प्रोग्रामांमुळे बसली नव्हती. त्या दोघींवर ताईंनी नुसते पासवर्ड बदलले होते. आत्याला तेवढी फट पुरली.

खाली जाऊन सांगायचं म्हणजे काय? लेखी हुकूम मोडला, सहा वर्षं मोडला. पुस्तक आपल्यामुळे अडलं. आणि सगळ्यांत वाईट, ताईंचं बरोबर होतं. शब्दन् शब्द बरोबर होतं. एक जरी राहिलं तरी. हे तिसरं त्याच्या घशाखाली उतरेना.

तो खाली आला आणि म्हणाला, "बाई, आता एकदा माझ्या पद्धतीने करू द्या."

माजघराचं दार उघडून, पाठ सगळ्यांकडे करून, त्याने आत्याची तार उपटली. शनिवारी-रविवारी एकटा बसून तेरा जणांना धुतलं. ताईंनी सांगितलं होतं तस्संच, एक पायरी न चुकवता. वरच्या खोलीचं दार लावून आत्यालाही जुन्या सीडीवरून मुळापासून नवी केली. सोमवारी जोडणी झाली. दुपार झाली, संध्याकाळ झाली, मंगळवार उजाडला. फाइल परत आली नाही.

"शेवटी मास्तर ते मास्तर!" हिशेबनीस म्हणाले. चहा आला. स्वतः उठून आणला. मॅनेजरबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की ताईंनी आता तपासणीकडेच लक्ष द्यावं, संगणकाचं मास्तर बघतील, आणि शुक्रवारी विश्वस्तांना पत्र जाईल. कोणाचं नाव जाईल हे विचारायची गरज नव्हती. ताई "बरं" म्हणाल्या. बोलणारा प्रोग्राम बंद करून त्यांनी पान पुढे ओढलं.

हेच तर हवं होतं. मग ते गोड का लागत नव्हतं? मास्तरचा समज झाला की गुडघ्यांमुळे. कारण आता भूमितीचा प्रत्येक धडा खरोखरच पेन ड्राइव्हवर घेऊन जिना चढावा लागत होता. चढताना दुखायचं, उतरताना त्याहून. ताईंचं टेबल जिन्याशेजारीच. तो प्रत्येक फेरीला त्यांच्यासमोरून जायचा, आणि त्या मान किंचित तिरकी करून पान तपासत राहायच्या. भूमिती मात्र भराभर छापून निघाली. गुरुवारी गठ्ठे बांधून शाळांना रवाना झाले.

शुक्रवारी सकाळी त्याच्या टेबलावर ठिपक्यांचा एक कागद होता.

"ताईंनी ठेवलाय," शिपाई म्हणाला. "अभिनंदन असेल."

"वाच की."

"मला कुठे येतं? तुम्हाला येत असेल ना, बावीस वर्षं इथे आहात."

मास्तरला येत नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. तो तारांचा माणूस. त्याने कागदावर चहाचा पेला ठेवला. मग उचलला. कोणाकडून वाचून घ्यायची लाज वाटली, म्हणून कागद गुडघ्यांवर घेऊन, कोणी बघत नाही असं बघून, त्याने बावीस वर्षांत पहिल्यांदा ठिपक्यांवर बोट ठेवलं. अक्षर काही लागेना. पण ओळी लागत होत्या. छोट्याछोट्या ओळी, एकाखाली एक, यादीसारख्या. ही ती नातेवाइकांची यादी. त्या दिवशी आपणच सांगितलेली. त्याने बोटाने मोजलं. अकरा. बारा. तेरा.

आणि खाली आणखी एक.

त्याने पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. शेवटच्या ओळीतले ठिपके बाकीच्यांपेक्षा जास्त टोकदार होते, नुकते टोचल्यासारखे.

तो उठून ताईंच्या टेबलाशी गेला.

"गुडघे बरे नाहीत तुमचे," ताई म्हणाल्या. "बसा."

"कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी, माजघरात हात घातला तेव्हा. चौदा लागल्या बोटांना. तुम्ही म्हणालात तेरा."

"मग बोलला का नाहीत?"

ताईंनी पानावरचं बोट उचललं. "मला सगळं तुम्ही शिकवलंत, मास्तर. तुम्ही तेरा म्हणालात तर मला वाटलं, माझीच बोटं चुकली. दोन्ही वेळा फाइल परत आली तेव्हाही मी घरी जाऊन स्वतःलाच दोष देत बसले. या आठवड्यात तुमचे पाय जिन्यावर ऐकले, तेव्हा लक्षात आलं. सहा वर्षांत तुम्ही इतक्यांदा वर गेलेले मी कधी ऐकले नाहीत."

"मॅनेजरबाईंना सांगितलंत?"

"नाही. यादी तुमची आहे. पूर्ण करून दिली, एवढंच."

मास्तर उभाच राहिला. त्याचा हेवा गेला का? कसला जातोय. उलट आता या बाईच्या गप्प राहण्याचाही हेवा वाटला. जे तिने सहज केलं ते आपल्याला सात जन्मांत जमलं नसतं, असं वाटून तो मनातून काळाठिक्कर पडला. पण ज्या बोटांनी वीस वर्षांत एक ठिपका चुकू दिला नाही, त्या बोटांवरचा विश्वास तिने त्याच्या एका शब्दावर सोडला होता. असा मान त्याला कोणी दिला नव्हता, ना हिशेबनिसांच्या चहाने, ना त्या पाटीने. आणि त्याने त्याचं काय केलं होतं?

मॅनेजरबाई सहीसाठी पेन उघडतच होत्या. मास्तरने दार न वाजवता आत जाऊन कागद त्यांच्यासमोर ठेवला. बाईंना ब्रेल येत होतं, नजरेने वाचायच्या.

"ही तर आपल्या संगणकांची यादी," त्या म्हणाल्या. "थोरली जाऊ, मधली... हे शेवटी काय? आत्या? आत्या कशी आली यात?"

"मी आणली," मास्तर म्हणाला. "पत्रात माझं नाव असेल तर ते खोडा, बाई. का ते सांगतो. पण आधी ताईंना हाक मारा. त्यांच्यासमोर सांगायचंय."